तू तर घरचीच

"अहो, हे काय लिहून आणलंय तुम्ही?" तारीखबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

बॅनरवाला शिडीवर होता. दोरीची शेवटची गाठ त्यानं नुकतीच आवळली होती. त्यानं वरूनच मान वाकडी करून पाहिलं. "का हो बाई, वाकडा लागलाय का?"

"वाकडा नाही हो. वाचा की जरा. मोठ्यानं वाचा."

"महिलांचे हक्क," त्यानं शाळेतल्यासारखं एका सुरात वाचलं. "आंतरमहाविद्यालयीन अप्रूप न्यायालय स्पर्धा. अंतिम फेरी."

"अभिरूप! अप्रूप नाही, अभिरूप न्यायालय. म्हणजे लुटुपुटीचं कोर्ट. कायद्याची मुलं वकील होतात, खटला कल्पनेतला असतो, वाद मात्र खरा घालतात. अप्रूप कसलं डोंबलाचं?"

"तुमच्याच मेसेजात होतं अप्रूप. आम्ही जसं येतं तसं छापतो." तो एक पायरी खाली उतरला आणि पुन्हा एकदा बॅनरकडे बघून म्हणाला, "आणि मला वाटलं, बायकांचे हक्क म्हणजे अप्रूपच असणार की."

खरं होतं त्याचं. तिनं फोनवर अभिरूपच लिहिलं होतं, पण फोनला तो शब्द ठाऊक नव्हता. त्यानं आपल्या अकलेनं तो सुधारला होता, आणि हिनं घाईघाईत न बघता पाठवून दिला होता. शेवटी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून त्यावर ठळक अक्षरात अभिरूप लिहायचं ठरलं. पट्टी चिकटवता चिकटवता बॅनरवाला खालची नावं वाचत होता. निवृत्त न्यायमूर्ती होते, कॉलेजचे प्राचार्य होते, अध्यक्ष म्हणून साहेब होते, वकील संघटनेच्या समितीतले झाडून सगळे होते. तारीखबाईचं नाव नव्हतं. ते कुणी काढलं नव्हतं बरं का. मजकूर तिनंच दिला होता, आणि आपलं नाव आपणच कसं लिहायचं, बरं दिसतं का ते, म्हणून राहून गेलं होतं.

"बाई, तो पाटीचा मजकूर पण द्या आता," शिडी मिटता मिटता तो म्हणाला. "साहेबांच्या चेंबरची पाटी. नवी करायची म्हणाले, मजकूर बाई देतील म्हणाले. आज मिळाला तर उद्या लावून टाकतो."

"देते. संध्याकाळी देते. आता मला मरायला सवड नाहीये," असं म्हणून ती उगाचच खुर्च्या सरळ करायला धावली. खुर्च्या सरळच होत्या.

आता ही तारीखबाई कोण, ते सांगायला हवं. ती वकील होती. चांगली पदवीधर, सनदधारी, काळा कोट घालणारी वकील. शिक्षण संपल्या संपल्या ती साहेबांच्या चेंबरमध्ये ज्युनिअर म्हणून शिरली, त्याला वीसबावीस वर्षं झाली. साहेब म्हणजे मोठं प्रस्थ. एकाच वेळी चार कोर्टांत त्यांची प्रकरणं पुकारली जायची, आणि माणूस एकच, तो एका वेळी किती ठिकाणी उभा राहणार? मग उरलेल्या तीन ठिकाणी तारीखबाई उभी राहायची आणि म्हणायची, "साहेब दुसऱ्या कोर्टात उभे आहेत. कृपा करून पुढची तारीख मिळावी." एवढंच. हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की वकिलांच्या बार रूममध्ये तिचं नावच तारीखबाई पडलं. कोणी चिडवलं तरी ती हसायची. तापट न्यायाधीशसुद्धा तिला तारीख देतात, ह्याचा तिला आतून थोडा अभिमानही होता.

चेंबरमध्ये मात्र तिच्यावाचून पान हलत नसे. दावे तीच लिहायची, युक्तिवादाचे मुद्दे तीच काढायची, साहेब ते कोर्टात असे काही मांडायचे की ऐकणाऱ्यानं टाळ्या वाजवाव्यात. पक्षकार आधी तिलाच फोन करायचे. पण बाहेरच्या पाटीवर साहेबांच्या खाली दोन नावं होती, आणि ती दोन्ही तिच्या मागून आलेल्या पोरांची होती. त्या वेळी साहेब हसून म्हणाले होते, "तुझं काय गं, तू तर घरचीच. पाटी लागते ती बाहेरच्यांना." तेव्हा तिला ते ऐकून बरं वाटलं होतं. घरी जाऊन तिनं नवऱ्याला कौतुकानं सांगितलंही होतं. पुढे काही वर्षं नवरा अधूनमधून विचारायचा, "झालं का गं पाटीचं?" मग त्यानंही विचारणं सोडलं.

आता साहेबांचा पुतण्या सनद घेऊन आला होता. म्हणून पाटी नवी व्हायची होती. शुक्रवारी साहेबांनी तिला सांगितलं, "बॅनरवाल्याला मजकूर तूच दे. वर माझं, खाली ह्याचं, मग त्या दोघांची. तुझ्या नजरेत शुद्धलेखन पक्कं असतं." तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हती. एकदा पाटी रंगवून झाली की पुन्हा पंधरा-वीस वर्षं तिला कोण हात लावणार? आत्ता नाही तर कधीच नाही, हे तिला दिसत होतं. पण तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

आणि ह्या सगळ्यात भर म्हणजे ही स्पर्धा. महिलांच्या हक्कांवर मुलांची स्पर्धा घ्यायची कल्पना संघटनेची, मिरवणारे दहा, आणि राबणारी ही एकटी. कॉलेजातल्या एक प्राध्यापकबाई तेवढ्या मदतीला होत्या. मुलांनी ज्यावर वाद घालायचा तो खटलासुद्धा हिनंच लिहिला. तो असा: एक डॉक्टरीण एका मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कितीतरी वर्षं राबते. पेशंट तिच्याच हाताखालून जातात. तिच्या मागून आलेल्या पुरुष डॉक्टरांची नावं पाटीवर लागतात, तिचं लागत नाही. शेवटी मोठे डॉक्टर दवाखाना पुतण्याच्या हाती देतात. डॉक्टरीण कोर्टात जाते आणि म्हणते, मी बाई आहे म्हणून माझ्या कामाला नाव दिलं गेलं नाही, हा भेदभाव आहे.

लिहिताना तिला वाटलं होतं, कोणीतरी ओळखेल. पाच-सहा वकिलांच्या नजरेखालून ते कागद गेले. एकानं सांगितलं, स्वल्पविराम जास्त झालेत. बाकीच्यांनी सही केली.

ह्या स्पर्धांची एक रीत असते. खटल्यात काही स्पष्ट नसेल तर संघांनी प्रश्न पाठवायचे आणि संयोजकांनी त्यांचा खुलासा द्यायचा. एका संघाकडून प्रश्न आला: 'अर्जदार डॉक्टरने आपले नाव पाटीवर लावावे अशी मागणी कधी केली होती काय?' तारीखबाई ती दुपार नुसती तो प्रश्न बघत बसली. खटला तिचा होता, डॉक्टरीण तिची होती. 'होय, अनेकदा' असं लिहिलं असतं तर तिला कोण अडवणार होतं? पण खोट्या खटल्यातसुद्धा तिला खोटं लिहिता येईना. तिनं लिहिलं, 'नाही.' आणि तो खुलासा सगळ्या संघांना गेला.

"आई, पाणी कुठे आहे इथे?" लेकीच्या आवाजानं ती दचकली. लेक कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. हिनं फारच गळ घातली म्हणून अंतिम फेरी बघायला आली होती.

"तिकडे कोपऱ्यात. तू बस ना तिसऱ्या रांगेत. नीट दिसेल."

"तुला काय करायचंय पण? तू बोलणार आहेस का?"

"छे गं. मी वेळ बघणार. वेळ संपली की घंटा वाजवायची."

"घंटा," लेक म्हणाली, आणि बसायला गेली. तो एकच शब्द तारीखबाईला लागला.

तेवढ्यात साहेब आले. पाठोपाठ पुतण्या. पोरगा तसा चांगला होता, येता-जाता वाकून नमस्कार करणारा. साहेब आज परीक्षकांच्या खंडपीठावर बसणार होते. त्यांनी तारीखबाईला बाजूला घेतलं. "अगं, ते खटल्याचं काय आहे, थोडक्यात सांग बघू. मला वाचायला झालंच नाही."

तिनं सांगितलं. अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत सांगितलं. पाटी म्हणाली, पुतण्या म्हणाली. सांगताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"अच्छा, डॉक्टरीण का?" साहेब म्हणाले. "छान. वैद्यकीय क्षेत्रात फार चालतं हे." आणि न्यायमूर्तींना सामोरे जायला निघून गेले.

त्यांची पाठ वळते न वळते तोच प्राध्यापकबाई धापा टाकत आल्या. "घोटाळा झाला हो! दुसरा संघ पळाला."

"पळाला म्हणजे?"

"त्यांच्या कॉलेजनं उद्याचा पेपर सकाळी पहिल्या वेळात घेतलाय. आत्ता कळवलं. पोरं बॅगा उचलून स्टेशनवर गेलीसुद्धा. प्रतिवादीच्या बाजूनं कुणीच नाही!"

तारीखबाईच्या तोंडचं पाणी पळालं. सभागृह गच्च भरलेलं, फोटोग्राफर आलेला, न्यायमूर्ती व्यासपीठावर चढलेले, आणि वादाला एकच बाजू! ती आणि प्राध्यापकबाई दोघी व्यासपीठाच्या पायरीशी गेल्या आणि खालच्या आवाजात न्यायमूर्तींना परिस्थिती सांगितली. निवृत्त न्यायमूर्ती मिस्कील माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि माईकवरच बोलायला सुरुवात केली.

"चषक तर ह्या संघाचाच झाला. पण एकतर्फी ऐकण्यात काय मजा? इथे इतके वकील बसलेत. कोणीतरी प्रतिवादी डॉक्टरांची बाजू मांडा. काय हरकत आहे?"

समोरच्या दोन रांगा वकिलांच्या होत्या. पण खटला वाचला होता कुणी? एकानं फोन कानाला लावला, एकाला खोकला आला, एक जण बुटाची लेस बांधायला वाकला तो वाकलाच. पुतण्यानं छताकडे बघितलं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

"ह्या उभ्या राहतील," प्राध्यापकबाई एकदम म्हणाल्या आणि तारीखबाईच्या दंडाला धरून तिला पुढे ढकललं. "खटला ह्यांनीच लिहिलाय. दोन्ही बाजू ह्यांना पाठ आहेत."

"अहो, मी कुठे..." तारीखबाई म्हणेपर्यंत न्यायमूर्तींनी हातानं बसा अशी खूण केलीसुद्धा.

आधी अर्जदाराच्या बाजूनं जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक मुलगी उभी राहिली. पोरगी तयारीची होती. निवाडे तोंडपाठ, आवाज खणखणीत. तारीखबाई टेबलाशी बसून ऐकत होती, म्हणजे ऐकू येत नव्हतंच तिला काही. वीसबावीस वर्षं कोर्टात काढली, पण युक्तिवादाला म्हणून ती एकदाही उभी राहिली नव्हती. आणि पहिल्यांदा राहायचं ते कुणाच्या बाजूनं? मोठ्या डॉक्टरांच्या! तिसऱ्या रांगेत लेक फोन खाली ठेवून तिच्याकडेच बघत होती.

चष्मेवाली बसली. न्यायमूर्ती म्हणाले, "प्रतिवादीतर्फे?"

तारीखबाई उठली, कोट ओढून सरळ केला, मान लववली आणि म्हणाली, "साहेब दुसऱ्या कोर्टात उभे आहेत. कृपा करून पुढची तारीख मिळावी."

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग वकिलांच्या दोन रांगांतून जो हशा उसळला, तो मागच्या मुलांपर्यंत गेला. मांड्यांवर थापा मारून हसत होते लोक. साहेब स्वतः व्यासपीठावर बसल्या बसल्या डोळे पुसत होते. तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. फक्त लेक हसत नव्हती. ती पांढरीफटक पडली होती.

न्यायमूर्तींनीही हसून घेतलं. नोकरीत असताना त्यांनीच हिला कितीतरी तारखा दिल्या होत्या. "नाही बाई," ते म्हणाले. "आज तारीख मिळणार नाही. आज बोला."

ती बोलली. आधी आवाज फुटेना, घसा खाकरून घ्यावा लागला. पण पहिलं वाक्य गेलं आणि मग तिला कळलंच नाही कुठून येतंय ते. कारण हे मुद्दे तिला शोधावे लागत नव्हते. वर्षानुवर्षं रोज सकाळी बसमध्ये उभ्या उभ्या तिनं तेच स्वतःला सांगितलं होतं.

"अर्जदार म्हणते, मला नाव दिलं नाही. मी विचारते, तिनं मागितलं का? खुलासा स्पष्ट आहे, नाही. मग नाकारलं कुणी? जे मागितलंच नाही ते मिळालं नाही, ह्यात भेदभाव कुठे आला? तिचे कुणी पाय बांधले होते? दार उघडं होतं. शहरात दुसरे दवाखाने नव्हते का? रोज सकाळी ती आपल्या पायांनी त्याच दारातून आत गेली. रोज ती पाटी वाचली. रोज गप्प बसली. साहेब, इतक्या वर्षांच्या गप्प बसण्याला कायदा एकच नाव देतो, संमती."

लेस बांधणारा वकील केव्हाच ताठ बसला होता.

"ती घाबरत असेल," चष्मेवाली न राहवून उभी राहून म्हणाली.

"घाबरत होती असं तुमच्या कागदात कुठे आहे?"

"माणूस घाबरतो तेव्हा तसं लिहून देत नाही ना, मॅडम."

बरोबर होतं पोरीचं. तारीखबाईला ते इतकं लागलं की वाटलं, इथेच थांबावं आणि तुझं खरं म्हणावं. पण उभी ती प्रतिवादीसाठी होती, आणि घेतलेली बाजू सोडणं तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं. "उलट प्रतिवादींनी तिला काय दिलं ते बघा," ती पुढे म्हणाली. "तिच्या मुलीला ताप आला, ते म्हणाले घरी जा. तिचं कुणी गेलं, ते दारात आले. त्यांनी तिला परकी मानलंच नाही. ते म्हणाले, तू घरचीच. घरच्या माणसाचं नाव कुणी दारावर लावतं का? ह्याला भेदभाव म्हणायचं, तर मग माया कशाला म्हणायचं?"

टाळ्या पडल्या. आधी वकिलांच्या, मग मुलांच्या.

"एक प्रश्न," साहेब माईक ओढून घेत म्हणाले. ते पुढे झुकले होते, त्यांचे डोळे चमकत होते. इतक्या कौतुकानं त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे मग ह्या डॉक्टरीणबाईंनी करायला काय हवं होतं?"

तारीखबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना खरंच काही कळत नाहीये, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. नाटक नव्हतं ते. राग यायला हवा होता, पण नुसतं रडू आल्यासारखं झालं.

"मागायला हवं होतं, साहेब," ती म्हणाली. "तोंड उघडून, सरळ. आणि नाही ऐकायची तयारी ठेवून."

"अगदी बरोबर," साहेबांनी मान डोलावली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

चषक चष्मेवालीच्या संघाला मिळाला. पण निकाल सांगताना न्यायमूर्ती म्हणाले, की हा खरा खटला असता तर आज डॉक्टरीणबाई हरल्या असत्या, आणि त्याचं श्रेय समोरच्या वकीलबाईंचं. पुन्हा टाळ्या. वकील येऊन हात मिळवून गेले. "काय तारीखबाई, छुपे रुस्तम निघालात!" वगैरे. तिला काही ऐकू येत नव्हतं. ती गर्दीतून लेकीला शोधत होती. लेक भिंतीला टेकून उभी होती.

"आई," ती म्हणाली, "ती डॉक्टरीण तूच ना?"

तारीखबाई कोटाचं बटण लावायला लागली.

"म्हणजे तू स्वतःलाच हरवलंस."

"अगं, ते खोटं कोर्ट..."

"सगळे टाळ्या वाजवत होते, आई. मला इतका राग आला तुझा." तिचा आवाज कापत होता. "आणि इतकी भारी बोललीस तू. इतकी भारी. मला माहीतच नव्हतं."

तारीखबाईनं लेकीच्या गालाला हात लावला. मग, "थांब इथेच, आले मी," म्हणाली आणि भराभरा बाहेर पोर्चकडे निघाली. आत्ता पाय थांबले तर पुन्हा हलणार नाहीत, ह्याची तिला खात्री होती.

साहेब गाडीपाशी उभे होते. पुतण्या दार धरून होता. "ये ये," साहेब खुशीत म्हणाले. "अगं, इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस हे सगळं? कमाल केलीस! एक शब्द उरू दिला नाहीस त्या बाईच्या बाजूला."

बॅनरवाला गुंडाळलेला बॅनर खांद्यावर घेऊन तिथेच घोटाळत होता. साहेब दिसताच तो पुढे आला. "साहेब, त्या पाटीचा मजकूर तेवढा राहिलाय."

"अजून दिला नाहीस? देऊन टाक की गं."

"साहेब," तारीखबाई म्हणाली, "त्यात माझंही नाव घालू का?"

साहेब हसले. पुतण्याही हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "तुझं कशाला? तू तर घरचीच."

"हो. पण घालू का?"

"बघू ना गं. आता काय घाई आहे? होऊ दे हे एकदा."

"'बघू' नको, साहेब. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

साहेबांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं, बॅनरवाल्याकडे पाहिलं, पोर्चमधून जाणाऱ्या मुलांकडे पाहिलं. मग रुमालानं मान पुसली आणि घसा साफ केला.

"हे बघा मॅडम," ते म्हणाले, "ही जागा आहे का ह्या गोष्टी बोलायची? तुम्ही समजूतदार आहात. पाटीचं ठरलेलं आहे, त्यात आता बदल व्हायचा नाही. बाकी काही असेल तर तुम्ही उद्या चेंबरला या, आपण बोलू."

तुम्ही. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. चिडले, कागद भिरकावले, चारचौघांत खडसावलं, तरी तूच असायची. चेंबरमध्ये नव्या आलेल्या पक्षकाराला, समोरच्या बाजूच्या वकिलाला, ज्याला दारातूनच परत पाठवायचं त्याला साहेब तुम्ही म्हणायचे. एका प्रश्नानं ती तिथे जाऊन उभी राहिली होती.

"म्हणजे नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बरं." तिनं बॅनरवाल्याकडे वळून सांगितलं, "मजकूर साहेब देतील तुम्हाला. लिहून घ्या."

साहेब गाडीत बसले. बॅनरवाला खिडकीपाशी वाकून नावं लिहून घेऊ लागला. पुतण्यानं दार लावलं आणि जाता जाता तिच्याकडे बघून नमस्कारासारखं काहीतरी केलं.

तारीखबाई परत आली ती सभागृहाच्या बाहेरच्या पायऱ्यांवर मटकन बसली. लेक धावत आली.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"स्पष्ट?"

"स्पष्ट." दोन मिनिटं ती चांगली रडली, कोटाच्या बाहीला डोळे पुसत. लेक बाजूला बसून राहिली. मग तिला एकदम सडकून भूक लागली. सकाळपासून सगळ्यांना जेवणाची पाकिटं वाटली होती, स्वतः पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. उरलेली सँडविचं खोक्यात होती. लेकीनं दोन उचलून आणली. तारीखबाईला कागदावरची चिकटपट्टी काही केल्या सुटेना. लेकीनं ती दातांनी फाडली आणि सँडविच तिच्या हातात दिलं. पाव कडक झाला होता. दोघी खात बसल्या.

"मॅडम," पायरीवर सावली पडली. चष्मेवाली उभी होती, एका बगलेत चषक, हातात वही आणि पेन. "सॉरी हं, खाताना डिस्टर्ब करतेय. आम्हाला कॉलेजला रिपोर्ट द्यायचा असतो. अंतिम फेरीत समोरून कोण उभं होतं, ते लिहावं लागतं. काय लिहू?"

"साहेबांच्या चेंबर..." असं काहीसं तारीखबाईच्या ओठांवर आलं. तिनं घास गिळला. मग नाव सांगितलं, आधी अॅडव्होकेट, मग स्वतःचं, मग आडनाव.

मागे शिपाई लोखंडी खुर्च्या एकमेकींवर रचत होते, त्यांचा खणखणाट चालला होता.

"परत सांगता, मॅडम?" चष्मेवाली खाली वाकून म्हणाली. "नीट ऐकू नाही आलं."

तिनं परत सांगितलं, ह्या खेपेला जरा मोठ्यानं.